पिवळा ठिपका

सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच बाईंचा डावा पाय थरथरू लागला होता. क्लच दाबून धरलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, समोरच्या बसच्या मागच्या काचेवर दुपारचं पांढरंफटक ऊन. आणि मांडीच्या आतल्या बाजूच्या, आजवर दखल घेण्याचंही कारण न पडलेल्या कुठल्याशा स्नायूने, मालकिणीच्या देखत जांभई देणाऱ्या उद्धट नोकरासारखी, काम टाकायला सुरुवात केली होती. आपल्या शरीराने आपल्याला न विचारता काही ठरवावं ही गोष्ट बाईंना नवी होती. त्यांनी दात आवळले, पाठ सीटमध्ये रुतवली, कारखान्यातल्या कामगारांनाही कधी दिली नसेल अशी एक शिवी मनातल्या मनात पायाला दिली. पायाने ऐकलं नाही. तो सुटला. गाडीने एक आचका दिला, बसच्या बंपरच्या बोटभर अलीकडे येऊन ती बंद पडली, आणि नेमका तेव्हाच दिवा हिरवा झाला. मागून भोंग्यांचा गदारोळ उठला. शेजारच्या स्कूटरवरचा एक तरुण वाकून म्हणाला, "आजी, ढकलू का? की म्युझियमवाल्यांना फोन करू?" "आधी स्वतःचं नाक पूस," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "मग दुसऱ्यांच्या गाड्या ढकल." तो हसत निघून गेला. त्याचं हसणं त्यांना लागलं नाही. लागलं ते हे, की पुन्हा क्लच दाबताना त्यांना हाताने गुडघा खाली रेटावा लागला, आणि ते त्याने पाहिलं होतं.

यजमानांनी ही दोन माणसांपुरती, उघड्या टपाची, बुटकी गाडी घरी आणली तेव्हा नणंदेने एका नजरेत तिचं नाव 'घोरपड' ठेवलं होतं. रस्त्याला पोट घासत चालते आणि एकदा घरात शिरली की हलत नाही, म्हणून. नाव चिकटलं. नणंद गेली, यजमान गेले, त्या काळच्या बाकीच्या गाड्या भंगारात गेल्या; घोरपड राहिली. यजमान गेले त्या वर्षी लोक धरूनच चालले होते की आता गाडी विकतील, पाठोपाठ कारखानाही विकतील. बाईंनी दोन्ही चालवले. रोज सकाळी त्या घोरपडीतून कारखान्याच्या फाटकात शिरत, आणि फाटकापाशी रेंगाळणारी माणसं इंजिनाचा आवाज ऐकूनच आपापल्या जागी पोहोचलेली असत. काटे बनवण्याचा कारखाना. दुकानातल्या गल्ल्याशेजारच्या तराजूपासून गोदामातल्या पोती तोलणाऱ्या काट्यांपर्यंत. तिथे बाईंच्या शब्दाची किंमत शिक्का मारलेल्या वजनाइतकी होती, आणि म्हणूनच जेवणाच्या टेबलावर स्वतःच बोललेला तो शब्द आता त्यांच्या गळ्याशी आला होता. सुनेने पाण्याचा ग्लास पुढे सरकवत, फार गोड आवाजात म्हटलं होतं, "अहो आई, आता एखादा ड्रायव्हर ठेवू या का?" त्यातला 'आता' बाईंच्या घशात काट्यासारखा अडकला. मुलगा मीठदाणी गोल फिरवत बसला. त्या मीठदाणीकडे बघत बाई म्हणाल्या, "ज्या दिवशी क्लच माझ्याने दाबला जाणार नाही, त्या दिवशी किल्ली मी आपणहून तुझ्या हातात ठेवीन. तोवर या घरात हा विषय नको." आणि मग थोड्याच महिन्यांत जुना क्लच घसरू लागला, मुलाने गाडी गॅरेजला नेली, नवा क्लच बसवून परत आणली, आणि तो दबेना. असे योगायोग बाईंनी व्यवहारात पुष्कळ पाहिले होते. त्यांतला एकही योगायोग नव्हता.

सिग्नलवरून त्या घरी गेल्या नाहीत, थेट गॅरेजला गेल्या. मिस्त्री बोलका माणूस होता, आणि बोलक्या माणसांबद्दल बाईंचं मत चांगलं नव्हतं. "नवा आहे हो आजी," त्याने हात पुसत सुरुवात केली, "बसेल हळूहळू. नवी चप्पल चावते की नाही?" "चावणारी चप्पल मी दुकानदाराच्या अंगावर फेकते." "तसं नव्हे. आतली प्लेट नवी, तिचा ताव जास्त, स्प्रिंग कडक. शिवाय, राग मानू नका, आपलं वय…" "आपलं म्हणजे कोणाचं? तुमचं आणि माझं मिळून?" मागे टायर लोळवणारे दोघे फिस्सकन हसले. मिस्त्री ओशाळला, पण गप्प बसला नाही. "पाठीला एक उशी घेऊन बघा. माणूस पुढे येतं, जोर मिळतो." "उशी झोपताना घेतात," बाई म्हणाल्या. त्यांनी जुनी प्लेट मागवली. ती कोपऱ्यातल्या ढिगात पडली होती. नवीचं रिकामं खोकं फळीवर होतं. प्लेटवरचा कोरलेला अंक त्यांनी चष्मा वर ढकलून वाचला, मग खोक्यावरचा वाचला. एकच. "हिचा ताव जास्त कशाने झाला? लाडाने?" मिस्त्रीने खांदे उडवले, आणि उडवता उडवता नजर चुकवली. ती चुकवलेली नजर बाईंनी पदरात बांधून घरी आणली.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी मुलाकडे पाहिलं. हात बापाचे, बोटं लांब, नखं आखूड कापलेली. असे हात खोटं बोलू शकत नाहीत असं त्यांना एके काळी वाटत असे, पण त्या हातांच्या बापाने शेवटच्या आजारात डॉक्टरचं निदान त्यांच्यापासून कितीतरी आठवडे लपवून ठेवलं होतं, त्यांना त्रास नको म्हणून. त्रास नको! जगात त्यांना कोणी सर्वांत जास्त छळलं असेल तर ते त्यांना त्रास नको म्हणणाऱ्यांनी. कळलं असतं तर त्या भांडल्या असत्या, दुसरा डॉक्टर आणला असता, देवाशीही चार शब्द वाकडे बोलल्या असत्या. निदान त्या आठवड्यांत पडद्यांचं कापड निवडत दुकानं हिंडल्या नसत्या. ते पडदे अजून दिवाणखान्यात होते. उत्तम कापड. विटतही नव्हते मेले. "गाडी कशी चालते?" मुलाने विचारलं. किती साधा प्रश्न. किती नीट ठेवलेला आवाज. "झकास," बाई म्हणाल्या, आणि टेबलाखाली डावी मांडी अजून ठणकत होती. सून म्हणाली, "बरं झालं बाई. मला तर ती गाडी बघूनच धडकी भरते." "तुला बघून पुष्कळांना भरते," बाई म्हणाल्या, "म्हणून कोणी तुला ड्रायव्हर ठेवला नाही." मुलगा हसला. त्याने हसू नये अशी त्यांची इच्छा होती. शत्रू हसतो तेव्हा त्याचा चेहरा घरच्यासारखा दिसू लागतो.

सकाळी कारखान्यातून त्यांनी एक ताणकाटा, ओढून जोर मोजायचा स्प्रिंगचा काटा, आणवला आणि घराच्या अंगणात घोरपडीचं दार उघडून, शेजाऱ्यांच्या खिडक्यांची पर्वा न करता, त्याचा आकडा क्लचच्या पेडलला अडकवला. काटा ओढताना मनगट कापत होतं. पण मनगटाचा राग नंतर करता येईल. काटा नीट चालणाऱ्या पेडलला जितका जावा त्याच्या जवळजवळ दुप्पट गेला. म्हणजे गुडघा खोटं बोलत नव्हता. एवढ्या एका आकड्याने त्यांना इतकं बरं वाटलं की त्या गाडीच्या कडेवर बसून राहिल्या. वय नाही. ताव नाही. आकडा. मग त्यांनी एकेक गोष्ट बाजूला काढायला सुरुवात केली, जशी कारखान्यात हट्टी काट्यासमोर बसून काढत. पेडलच मुळात जाम झाला असेल का? माळ्याला वाकायला लावून त्यांनी पेडलची पिन काढवली. मोकळा झालेला पेडल झोपाळ्यासारखा हलला. तिथे दोष नाही. पिन पुन्हा घातली, इंजिन चालू केलं, दोन्ही हातांनी गुडघा दाबत त्यांनी क्लच हळूहळू खाली नेला आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवून वाट पाहत राहिल्या. आणि तिथे त्यांना ते कळलं. पेडल अर्ध्या वाटेवरच होता, आणि गिअर पडला. पूर्वी पेडल पार तळाला टेकवल्याशिवाय घोरपडीचा गिअर पडत नसे. पडला तर किंचाळत पडे. आता अर्ध्यातच काम होत होतं. वाट अर्धी, वजन दुप्पट.

हे वाक्य त्यांच्या मनात पूर्ण व्हायच्या आत त्या हसल्या. फार कोरडं, जवळजवळ आनंदाचं हसू. वाट अर्धी, वजन दुप्पट: ही तर त्यांची बाराखडी होती. तराजूच्या दांडीची एक भुजा आखूड केली की पारडं थोडंच हलतं आणि वजन मात्र जास्त मागतं. अंतरात जे वाचवाल ते वजनात भराल. पेडलखाली तेल असतं, तेल नळीतून जाऊन गाडीच्या पोटाखालचा एक दांडा ढकलतं, आणि तो दांडा एका तरफेला पिनेने जोडलेला असतो. तरफेला दोन भोकं. एक टेकूपासून लांब, एक टेकूजवळ. यजमानांनी पहिल्याच वर्षी, हात काळे करून, त्यांना ते दाखवलं होतं, आणि लांबच्या भोकात पिन घालत म्हणाले होते, माझी बायको हत्ती नाही. म्हणजे कोणीतरी ती पिन जवळच्या भोकात घातली होती. पिन आपोआप जागा बदलत नाही. प्लेट बदलते, तेल बदलते, माणसं बदलतात. पिन हलवावी लागते. बाई उठल्या. आता शोधायचा होता तो दोष नव्हता, हात होता. आणि हात शोधण्याचं काम त्यांच्या कारखान्यात फार सोपं होतं. तिथे एक रीत होती, सासऱ्यांच्या काळापासूनची: काट्याच्या दांडीवरची टेकूची जागा ज्याने बदलली, त्याने तिथे आपल्या रंगाचा ठिपका ठेवायचा, म्हणजे माप चुकलं तर कोणाकडे जायचं ते कळतं. सासऱ्यांचा काळा, यजमानांचा तांबडा, बाईंचा पांढरा. मुलगा शिक्षण संपवून कारखान्यात आला तेव्हा बाईंनीच त्याला पिवळ्या रंगाची डबी दिली होती आणि सांगितलं होतं, की ठिपका न ठेवता दांडीला हात लावशील तर माझ्या कारखान्यात तुझा आणि चोराचा फरक उरणार नाही.

गॅरेजमध्ये गाडी तपासणीच्या खड्ड्यावर उभी करायला लावून बाई म्हणाल्या, "मी उतरते." "कुठे उतरता आजी, तेल सांडलंय, पाय घसरेल, मी सांगतो ना…" "तुम्ही काल सांगितलंत. तुमच्या सांगण्याचा माझा कोटा संपला." त्यांनी चपला काढल्या, टॉर्च हातात घेतला आणि भिंतीला धरून त्या खड्ड्यात उतरल्या. आत जुन्या तेलाचा, ओल्या लोखंडाचा, माणसांच्या घामाचा वास दाटला होता. डोक्यावर घोरपडीचं पोट. इतक्या वर्षांच्या सहवासात त्यांनी तिला या बाजूने फारसं पाहिलंच नव्हतं. चिखलाने माखलेलं, खरवडलेलं, कोणाला दाखवण्यासाठी नसलेलं. क्षणभर त्यांना लाज वाटली, कोणाच्या तरी न्हाणीघराचं दार चुकून उघडावं तशी. मग प्रकाश तरफेवर पडला. दोन भोकं. लांबचं रिकामं, काजळलेलं. जवळच्यात चकचकीत नवी पिन. आणि पिनेच्या शेजारी, बोटाने नीट गोल टेकवलेला, अजून मळायला वेळ न मिळालेला एक पिवळा ठिपका. बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. लपवायचं होतं तर ठिपका कशाला? ठिपका ठेवायचा होता तर लपवलं कशाला? वर मिस्त्री फोनवर दबक्या आवाजात म्हणत होता, "साहेब, तुम्ही या लवकर. त्या खाली उतरल्यात. हो, खड्ड्यात. आता मी कसा अडवणार, तुम्ही अडवू शकता का?"

मुलगा आला तेव्हा बाई वर येऊन लोखंडी स्टुलावर बसल्या होत्या. पावलांना तेल लागलं होतं. पुसायला कोणी पुढे केलेलं फडकं त्यांनी घेतलं नव्हतं. वाटेत येताना त्यांनी वाक्यं रचून ठेवली होती, धारदार, एकामागोमाग एक. पैकी पहिलं त्यांनी वापरलं. "आईला हरवायला पिन लागली तुला? तोंड नव्हतं?" मुलाने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री एकाएकी फार उद्योगी होऊन मागे गेला. "हरवायला नाही," मुलगा म्हणाला. "मग?" तो खड्ड्याकडे बघू लागला. "ठिपका तुझा आहे ना? मग बोल. ठिपका ठेवणाऱ्याला माझ्या कारखान्यात विचारलेल्याचं उत्तर द्यावं लागतं." मुलाने घोरपडीच्या दारावर हात ठेवला. "तू घराच्या फाटकातून गाडी मागे घेत होतीस," तो म्हणाला, "मी वरच्या खिडकीत होतो. क्लच तळाला न्यायला तू सीटवरून खाली घसरत होतीस, आई. पार खाली. तुझी हनुवटी स्टिअरिंगला टेकली होती आणि रस्ता तुला दिसत नव्हता. एकदाच नाही. रोज. सीट तर केव्हाच पुढच्या शेवटच्या खाचेत आहे. पाय पुरत नाही तुझा, पूर्वीसारखा." गॅरेजमध्ये कुठेतरी पाना खाली पडून खणखणला. "मला वाटलं, वजनाला तू कधी घाबरली नाहीस. जन्मभर उचललंस. अंतर तेवढं कमी केलं की झालं. क्लच बदलायचाच होता, तेव्हाच पिन हलवली. जड होईल हे माहीत होतं. इतकं होईल असं वाटलं नाही."

बाईंच्या मनातली बाकीची वाक्यं जागच्या जागी निरुपयोगी झाली. ती सगळी कपटासाठी घडवलेली होती. कपटाशी त्या दोन हात करू शकत होत्या, कपट त्यांच्या तोलामोलाचं होतं. कपट करणारा निदान समोरच्याला बलवान समजतो. पण हा वरच्या खिडकीत उभा राहून रोज त्यांची हनुवटी पाहत होता. रोज. त्या फाटकातून ताठ मानेने बाहेर पडत आहेत असं समजून बाहेर पडत होत्या, आणि वर कोणीतरी त्यांचं माप घेत होतं, हळहळत होतं, पिवळी डबी शोधत होतं. बापासारखाच. त्रास नको म्हणून. त्यांच्या अंगातून रागाची एक गरम लाट अशी सरसरत गेली की तिच्यात आईपणाचा, वयाचा, सगळ्याचा पाचोळा झाला. या माणसाला आपण जन्म दिला आणि यानेच आपल्याला खिडकीतून पाहिलं. "मी घसरत होते," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज त्यांना दुरून आल्यासारखा वाटला, "असं तू म्हणतोस." "मी पाहिलं, आई." "मिस्त्री! पिन लांबच्या भोकात घाला. आत्ता. आणि हा ठिपका पुसून टाका."

मिस्त्रीने खड्ड्यात उतरून काम केलं. फार वेळ लागला नाही. बाई गाडीत बसल्या. पाठ सीटला टेकलेली, मान ताठ, हनुवटी जिथे असायची तिथे. एका बाजूला मुलगा उभा होता, दुसऱ्या बाजूला मिस्त्री, आणि दोघेही त्यांच्या पायाकडे न पाहण्याचा आटोकाट प्रयत्न करत होते. त्यांनी पाय ठेवला. पेडल सहज गेला, लोण्यात सुरी जावी तसा. मांडी गप्प राहिली, गुडघा गप्प राहिला. "अहो हलका झाला की," मिस्त्री वरून म्हणाला, जणू हलका त्यानेच केला होता. पेडल जात होता, जात होता, आणि मग पाय संपला. पेडल नव्हे, पाय. टाच गाडीच्या तळावरून सुटली, चवडा ताणला, अंगठ्याच्या टोकाशी पेडल होता आणि त्याच्याखाली अजून वीतभर नव्हे, दोन बोटं नव्हे, एखाद्या बोटाच्या पेराएवढी जागा होती. तेवढीच. तिथवर गेल्याशिवाय गिअर पडणार नव्हता. पडला तर साऱ्या गॅरेजला ऐकू जाईल असा किंचाळणार होता. बाईंना ठाऊक होतं काय करायचं ते. त्यांच्या शरीराला त्यांच्याही आधी ठाऊक होतं. कंबर आपणहून सैल होऊ लागली होती, पाठ सीटवरून खाली सरकायला निघाली होती, रोजच्यासारखी, इतकी रोजच्यासारखी की आजवर ती सरकते हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. किंवा आलं होतं. थोडंसं खाली गेलं की झालं. हनुवटी जरा खाली, पेराएवढं अंतर संपलं, गिअर गुपचूप आत, आणि घोरपड त्यांची. शब्दाप्रमाणे क्लच दाबला गेलेला. फक्त तो बघत होता.

त्यांनी कंबर आवळली. पाठ होती तिथे ठेवली. हात गिअरच्या दांड्यावरून उचलला, इंजिन बंद केलं, आणि किल्ली काढून, खाली न बघता, उघड्या दारातून बाहेर धरली. "घे." मुलाला कळलं नाही. "आई, हलका झालाय ना? मग…" "हलका झालाय. दोष क्लचचा होता, माझ्या पायाचा नव्हता, ते आता दोघांनी पाहिलंत. घे ही." "मला गाडी नको होती ग. मी खरंच…" "माझ्या पाठीमागे माझ्या वस्तूला हात लावलास. ज्या वस्तूला माणूस विचारल्याशिवाय हात लावतो, ती त्याने सांभाळावी. मला दुसऱ्याच्या हातची झालेली गाडी नको." त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याला शिक्षा झाली आहे असं त्याला वाटत होतं, आणि ते त्याला तसंच वाटू द्यायचं हे बाईंनी त्या क्षणी ठरवून टाकलं. जन्मभर वाटलं तरी चालेल. अपराध त्याला पेलवेल. दुसरी गोष्ट त्यांना पेलवली नसती. त्या गाडीतून उतरल्या, दाराला न धरता, तेलकट पावलं चपलांत सरकवून, आणि फेरा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसल्या. "चल. उशीर होतोय." मुलगा चालकाच्या जागी बसला, त्याला सीट मागे घ्यावी लागली; खाचा करकरल्या. त्याने इंजिन चालू केलं, क्लचवर पाय ठेवला आणि अवघडून त्यांच्याकडे पाहिलं. "तळाला ने," बाई समोर बघत म्हणाल्या. "पार तळाला. तुला जमेल." त्याचा लांब पाय सहज शेवटापर्यंत गेला, गिअर कसलाही आवाज न करता पडला, आणि तो आवाज न झाल्याचं त्या गाडीत फक्त बाईंना ऐकू आलं.